रिकाम्या घरांतले दिवे

एक्स्चेंजबाईंशी चौकात कोणी वाकडं घेत नसे. घेणार कसं? ज्या बाईच्या पर्समध्ये अर्ध्या चौकाच्या किल्ल्या खुळखुळतात, तिच्याशी भांडून जायचं कुठं? तशा त्या तोंडाने कोणाला काही बोलायच्या नाहीत. रस्त्यात बिस्किटाचा कागद टाकणाऱ्या माणसाकडे नुसत्या बघायच्या, आणि तो माणूस मुकाट्याने कागद उचलून खिशात घालायचा. एकदा एका पाहुण्याने घाबरून दुसऱ्याच कोणाचा कागद उचलला होता.

सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायर. ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. पुढे मशीन आली, बोर्ड भंगारात गेला, बाई घरी आल्या. नाव तेवढं चिकटून राहिलं, आणि आवाज. तो आवाज अजून ड्यूटीवरच होता. भाजीवाल्याला 'अर्धा किलो टोमॅटो द्या' म्हणाल्या तरी तो बिचारा सावरून उभा राहायचा.

आणि चौक? शहराचा सगळ्यात जुना भाग. दगडी फरशी, मधे पाणी नसलेलं कारंजं, चारी बाजूंनी लाकडी सज्ज्यांची घरं. फोटोत असा दिसतो की बघत राहावं. राहायला म्हणाल, तर जिन्यात अंधार, नळाला पाणी त्याच्या मर्जीने आणि गाडी लावायला वीतभर जागा नाही. त्यामुळे झालं काय, की चौकाचा अभिमान ज्याला त्याला, आणि ज्याला जमलं तो लिफ्टवाल्या इमारतीत राहायला गेला. जाताना प्रत्येकजण आपल्या घराची किल्ली बाईंच्या हातात ठेवायचा. 'जरा लक्ष असू द्या हं, बाई. आम्ही येऊन-जाऊन असूच.' त्यातलं जाणं तेवढं झालं.

उरले कोण? खाली दुकानं असलेले चौघे-पाचजण आणि वर एक्स्चेंजबाई. दुकानदारांना काळजी वाटायला लागली. संध्याकाळ झाली की वरच्या सगळ्या खिडक्या काळ्याठिक्कर, आणि त्या बघून फिरायला आलेली माणसं आल्या पावली परतायची. अंधाऱ्या घरांखाली उभं राहून केस कापून घ्यायला कोणाला बरं वाटेल? म्हणून मग सगळ्यांनी मिळून 'चौक जिवंत ठेवा समिती' काढली. नाव ऐकूनच समजावं की पेशंट सिरियस आहे.

समितीची पहिली सभा लाँड्रीत झाली. लाँड्रीवाला अध्यक्ष, कारण खुर्च्या त्याच्याकडे होत्या. त्या दिवशीचा उत्साह काय सांगावा! सलूनवाला, त्याची बायको, बेकरीवाला, सगळे एकदम बोलत होते. 'लोकसहभाग' हा शब्द लाँड्रीवाल्याने इतक्या वेळा वापरला की शेवटी त्याची इस्त्री एका शर्टावर राहून गेली. कुंड्या ठेवायच्या ठरल्या. बाकं ठेवायची ठरली. मग बाई उभ्या राहिल्या आणि आपल्या ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाल्या, 'आधी त्या पाट्या काढा.'

'कुठल्या पाट्या?'

'घर भाड्याने देणे आहे. खोली रिकामी आहे. दारोदार तेच. आजारी माणसाने कपाळावर आजाराचं नाव लिहून हिंडावं का? पाट्या काढा, आणि घरात दिवे लावा. किल्ल्या माझ्याकडे आहेत.'

कल्पना सगळ्यांना एकदम पटली. पाट्या त्याच दिवशी उतरल्या. शिवाय नियम झाला, की चौकातलं घर रिकामं आहे हे कोणी बाहेरच्या माणसाजवळ बोलायचं नाही. घरमालकांना विचारलं, तर ते म्हणाले, 'लावा की दिवे, घराला तेवढीच ऊब.' आणि दिवे लावायला पाळ्या ठरल्या. एकूण एक हात वर झाले. बाईंनी उत्साहाने सगळ्या किल्ल्यांची डुप्लिकेट करून घेतली, प्रत्येकीला घराच्या खुणेची चिंधी बांधली आणि जुडगा लाँड्रीत खिळ्याला अडकवला, म्हणजे ज्याची पाळी त्याने यावं, किल्ली घ्यावी, दिवे लावावेत.

दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याचा गुडघा दुखायला लागला. तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याकडे पाहुणे आले. लाँड्रीवाला अध्यक्षच असल्यामुळे त्याने जिने चढणं शोभलं नसतं. खिळ्यावरच्या जुडग्यावर धूळ बसली, आणि चौकाचा लोकसहभाग एकट्या एक्स्चेंजबाईंच्या पायांवर येऊन पडला. 'बाई आहेत ना,' सगळे म्हणायचे. फार विश्वास हो त्यांच्यावर!

पण बाई कामाच्या पक्क्या. कोणीतरी सुचवलं, बाई, आपोआप लागणारे दिवे बसवू. एका घरात बसवून बघितले. ठरल्या मिनिटाला सगळं घर भक्कन उजळलं. बाईंनी नाक मुरडलं. 'हे घर आहे की ऑफिस? माणसं अशी राहतात का?' त्यांनी ते काढायलाच लावलं. माणसं कशी राहतात ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आधी स्वयंपाकघरातला दिवा. मग मधल्या खोलीतला. कोपऱ्यावरच्या घरात म्हातारा-म्हातारी राहतात असं त्यांनी धरलेलं होतं, म्हणून तिथले दिवे लवकर मालवायचे. बेकरीच्या वरचं बिऱ्हाड उधळं, ते सगळे दिवे जाळायचं. त्या बिऱ्हाडाचा बाईंना मनापासून राग यायचा. 'ह्यांना काही धरबंध आहे का,' असं पुटपुटत स्वतःच बटणं दाबायच्या.

सज्ज्यांतल्या दोऱ्यांवर कपडे हवेत, नाहीतर राहतंय कोण? ते लाँड्रीवाला पुरवायचा. लोक धुवायला टाकून न्यायला विसरलेल्या कपड्यांचा त्याच्याकडे ढीग होता. बाई ते घरागणिक वाटायच्या, आणि दर दोन दिवसांनी बदलायच्या, कारण एकच सदरा आठवडाभर वाळत घालणारी माणसं त्यांच्या चौकात राहत नव्हती.

परिणाम असा झाला, की चौक भरला. म्हणजे दिसायला भरला. संध्याकाळी माणसं फिरायला यायला लागली, बाकांवर बसून वर बघायची, म्हणायची, 'किती जिवंत आहे नाही हा भाग!' नगरपालिकेचे एक साहेब पाहणीला आले. मोडकी गटारं आणि जिने दाखवायला म्हणून समितीनेच त्यांना बोलावलं होतं. साहेबांनी मान वर करून करून खिडक्या बघितल्या, बाईंच्या हाताशी हात मिळवला आणि म्हणाले, 'अहो, तुमचं इतकं छान चाललंय, तुम्हाला आमची कसली गरज?' आणि दुरुस्तीचं पथक दुसऱ्या वस्तीत पाठवलं. समितीने ह्याबद्दल साहेबांचा सत्कार केला. आता काय बोलावं!

सगळ्यात शेवटी बाई समोरच्या घरात जायच्या. त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर, कारंज्याच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, मोठा सज्जा, भिंतीला फिकट निळा रंग. तिथं मालकाने एक खुर्ची तेवढी टाकलेली होती. बाई दिवा लावायच्या, खुर्चीवर टेकायच्या, गुडघे चोळायच्या. तिथून सगळा चौक दिसायचा, घर न् घर उजळलेलं. अंधारी खिडकी एकच असायची, समोरची, त्यांची स्वतःची. कारण ती उजळायला घरात कोणी नसायचं. बाईंना त्या वेळी फार एकटं वाटायचं. मग त्या उठायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, 'चला, ह्यांच्याकडे किती वेळ बसायचं!'

आता ह्या समोरच्या घरावर बाईंचा जीव का होता, ते सांगितलं पाहिजे. त्यांना एकच लेक. दुसऱ्या शहरात, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. बाईंचे यजमान वारले तेव्हा ती म्हणाली होती, 'आई, आता माझ्याकडे चल.' बाई एकदा जाऊनही आल्या. आठवा मजला, खिडक्या न उघडणाऱ्या, खाली नुसत्या गाड्या. चार दिवसांत बाईंचा जीव कोंडला. 'मला माझ्या माणसांत राहू दे गं,' त्या म्हणाल्या, 'इथं माझी किती माणसं आहेत!' तेव्हा होतीही. पुढे एकेक गेली, पण हे फोनवर कोण सांगणार? सांगितलं असतं तर लेक दुसऱ्या दिवशी टॅक्सी घेऊन दारात उभी. म्हणून बाई दर रविवारी सांगायच्या, 'इथं काय गजबज म्हणून सांगू! कोपऱ्यावरचे आजी-आजोबा मजेत आहेत. बेकरीच्या वरच्यांनी काल पुन्हा सगळे दिवे जाळले. आणि समोरचे ते नवरा-बायको, बिचारी दोघंही नोकरीवाली, उशिरा येतात.' पलीकडून लेक 'हो का, हो का' म्हणायची. ती हो का कशा सुरात म्हणायची, ते आयुष्यभर लोकांचे फोन जोडलेल्या बाईंना कळायला हवं होतं.

आणि मग लेकीची बदली झाली. कुठं? ह्याच शहरात, मोठ्या हॉस्पिटलात! जावईही इकडंच काम बघणार होते. फोन खाली ठेवल्यावर बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. मग पाणी प्यायल्या. मग पुन्हा हसल्या. लेकीने समोरच्या घरात राहावं. सकाळी सज्ज्यात उभं राहून तिने केस विंचरावेत आणि आपण इकडून 'चहा झाला का गं?' विचारावं. बाईंना जगाकडून दुसरं काही नको होतं.

पण लेक म्हणाली होती, 'आम्ही हॉस्पिटलच्या मागे एक फ्लॅट बघतोय. मला तुझ्या चौकात आवडलं असतं, पण तिथं कुठली जागा मिळायला? तुझ्या बोलण्यावरून तर सगळं गच्च भरलंय.'

आता माणसाने काय करावं? सरळ सांगावं, की बाळ, गच्च-बिच्च काही नाही, समोरचं घर तुझी वाट बघतंय. अहो, एक वाक्य! पण बाई अडकल्या होत्या. एक घर रिकामं आहे म्हणावं तर बाकीची का भरली आहेत ते निघेल, ते नवरा-बायको कोण ते निघेल, आणि इतक्या वर्षांच्या गप्पांचं सगळं भांडं फुटेल. मग लेक चौकात राहायला येईल होय? ती म्हणेल, आई, तू ह्या भुतांच्या वस्तीत एकटी राहतेस? चल, उचल बोचकं.

त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी युक्ती काढली. सगळा चौक भरलेला ठेवायचा, आणि त्यात एकच घर रिकामं करायचं. पुढच्या फोनवर त्या अगदी सहज म्हणाल्या, 'समोरचे ते नवरा-बायको आहेत ना, ते जागा सोडून चाललेत म्हणे.'

'असं?' लेक म्हणाली. मग म्हणाली, 'मी गुरुवारी कामाला तिकडं येतेय. संध्याकाळी चहाला येऊ?'

बाईंनी सगळं मनात मांडलं. गुरुवारी बाकीचे सगळे दिवे लावायचे, जरा जास्तच झोकात. समोर अंधार. लेकीला खिडकीत उभं करायचं. तीच विचारेल, 'ते गेले वाटतं?' आपण म्हणायचं, 'हो गं, कालच.' पुढचं तिचं तिने बोलावं. आपण आग्रह करायचा नाही. कीव करून नाही, तिला हवं म्हणून तिने यावं.

युक्ती चोख होती. चूक एकच झाली. आनंदाच्या भरात बाईंनी चौकभर सांगितलं, 'माझी लेक येतेय हो गुरुवारी!' ब्रेड घेताना बेकरीवाल्याला सांगितलं, कपडे घेताना लाँड्रीवाल्याला, आणि सलूनवाल्याच्या बायकोला तर दोनदा. युक्तीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? आपण लेकीला इतकी वर्षं थापा मारतोय, हे कोणाला सांगायचं?

गुरुवारी बाईंनी दुपारपासूनच कंबर कसली. जिने चढल्या, जिने उतरल्या. म्हातारा-म्हातारीकडे दिवा, उधळ्यांकडे चार दिवे, दोऱ्यांवर ताजे कपडे. शेवटी समोरच्या घरात गेल्या. दोरीवरचे कपडे काढले. खुर्ची पुसली. निळ्या भिंतीवरून हात फिरवला. बटणाला हात न लावता बाहेर आल्या आणि दाराला कुलूप घातलं.

लेक अंधार पडता पडता आली. थोडी वाळलेली, डोळ्यांखाली काळं, पण हसरी. बाईंनी तिला मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसवलं. आधी चहा, मग खिडकी, असा क्रम होता. 'बस हं, चहा टाकते,' म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. आधण ठेवलं, कप काढले, बिस्किटं बशीत मांडली. आपल्याला काय म्हणायचंय ते त्यांनी एकदा ओट्याशी उभं राहून म्हणूनही बघितलं. 'हो गं, कालच गेले.' सहज वाटलं पाहिजे. पुन्हा म्हणून बघितलं.

ट्रे घेऊन बाहेर आल्या तर लेक खिडकीत उभी.

'आई,' ती म्हणाली, 'समोरचे जाणार होते ना?'

बाईंनी वर बघितलं.

समोरचं घर लखलखत होतं. नुसता दिवा नाही, दिवेच दिवे. दोरीवर इतके कपडे, की दोरी पोटाशी लोंबत होती. मुलांचे गणवेश, फ्रॉक, एक काळा कोट आणि कोणा बँडवाल्याचा सोनेरी बटणांचा लाल डगला. खिडकीत सलूनवाल्याची बायको उभी होती, हातात डाव घेऊन. ती मागे वळून ओरडली, 'अहो, ऐकलंत का? पानं वाढलीत!' त्या घरात चूल नव्हती हो, पानं कुठली? तिच्या मागून बेकरीवाला बनियनवर, हातात पेपर घेऊन, इकडून तिकडे गेला. मग तिकडून इकडे आला. घरात आरामात फिरणारा माणूस असाच फिरतो, अशी त्याची समजूत असावी.

झालं होतं असं. सलूनवाल्याच्या बायकोने खालून बघितलं, की बाईंच्या लेकीचा दिवस, आणि नेमकं समोरचंच घर अंधारात! तिला भडभडून आलं. तिने हाक मारून सगळ्यांना गोळा केलं. 'दमल्या असतील हो काकू. वय झालं. आपल्यासाठी एवढं करतात, आणि आज त्यांच्या लेकीपुढे त्यांची मान खाली जायची?' सलूनवाल्याचा गुडघा एकदम बरा झाला. लाँड्रीवाल्याने खिळ्यावरचा जुडगा काढला, धूळ फुंकली, आणि स्वतः, अध्यक्ष असूनही, दोन मजले चढला. इतक्या वर्षांत न आलेला लोकसहभाग त्या संध्याकाळी आला, आणि असा आला की थांबवायला कोणी नाही.

'आई? ते गेले नाहीत का?'

बोलायची वेळ हीच होती. बाईंना ते कळत होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात सलूनवाल्याच्या बायकोने ह्या दोघींना बघितलं आणि डाव हलवून, तोंडभर हसून हाक मारली, 'काकू! लेक आली वाटतं! घेऊन या ना आमच्याकडे!'

'ते गेले,' बाई म्हणाल्या. त्यांचा तो ड्यूटीवरचा आवाज आपला आपण बाहेर पडला, गोड, स्वच्छ. 'हे नवीन आलेत. कालच.'

'मोठं कुटुंब दिसतंय.'

'हो. फार चांगली माणसं आहेत.'

लेकीनेही हात हलवला. मग ती खुर्चीत येऊन बसली आणि कप घेतला. 'आता खरं सांगते,' ती म्हणाली. 'तू म्हणालीस ना समोरचे चाललेत, तर मी ह्यांच्याशी बोलूनही ठेवलं होतं. म्हटलं, फ्लॅट राहू दे. आईसमोर राहू. आज तेच विचारायला आले होते.' ती हसली. 'गेली की जागा एका दिवसात! नशिबात नव्हतं.'

बाई घाईघाईने म्हणाल्या, 'अगं, मी विचारून बघते ना त्यांना, कुठं दुसरीकडे—'

'छे छे! मुलंबाळं असलेल्या माणसांना कशाला उठवायचं?' लेकीने त्यांचा हात धरला. 'आणि आई, रागावू नकोस. मला ना, इतकी वर्षं वाटायचं, तू मला बरं वाटावं म्हणून थापा मारतेस. रात्री झोप यायची नाही मला. डोळ्यांसमोर यायचं, सगळी घरं काळोखी आणि तू एकटी. आज मुद्दाम चौकाला एक चक्कर मारून वर आले. कोपऱ्यावर दिवे, बेकरीच्या वर दिवे, सगळं तू सांगायचीस तसंच.' तिचे डोळे भरून आले. 'मी माझ्या आईला खोटं धरलं. लाज वाटली मला. चुकले मी.'

आता बोला! लेक रडत रडत माफी मागतेय, आणि समोर बेकरीवाला पेपर घेऊन फिरतोय. बाईंनी काय करावं? 'आईचं खोटं नव्हतंच मुळी' असं म्हणणारी लेक पहिल्यांदा मिळाली, आणि त्याच क्षणी तिला सांगायचं, की सगळं खोटं आहे? बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. 'वेडी कुठली,' म्हणाल्या. बास, एवढंच म्हणाल्या.

'उद्या त्या फ्लॅटवाल्याला हो सांगून टाकते,' लेक निघताना म्हणाली. 'महिन्यातून एकदा नक्की येईन. आणि आता माझ्या जिवाला घोर नाही बघ.' जिना उतरताना तिची पावलं हलकी वाजत होती. बाई वरून ऐकत होत्या. शेवटचं पाऊल फरशीवर पडल्यावर त्यांना एकदम वाटलं, धावत जावं, सगळं ओरडून सांगावं, म्हणावं, अगं, मला तू हवी आहेस, तिथं कोणी राहत नाही. त्या खरंच धावल्या. गुडघे विसरून, कठडा धरून, अंधाऱ्या जिन्यातून जमेल तितक्या भराभर खाली उतरल्या.

खाली सगळा चौक जमला होता. लेकीला निरोप द्यायला सलूनवाला, लाँड्रीवाला, वरून धापा टाकत आलेली डाववाली, सगळे दोन्ही बाजूंना उभे. 'येत जा हं ताई! आईची काळजी करू नका, आम्ही आहोत!' लेक हात जोडत, हसत, डोळे पुसत त्यांच्यातून गेली. बाई पोचल्या तेव्हा टॅक्सी वळत होती. आतून एक हात हलला आणि टॅक्सी गेली.

मग सगळ्यांनी बाईंना गराडा घातला. बेकरीवाला अजून बनियनवरच होता.

'काय म्हणाली लेक, काकू? आवडला का आपला चौक?' सलूनवाल्याच्या बायकोचा चेहरा आनंदाने फुलला होता. 'तुम्ही काही बोलू नका, आम्हाला कळलं, आज तुम्ही दमलात. आजपासून समोरचं घर माझ्याकडे. रोज मी दिवा लावणार. एक दिवस अंधार दिसला तर नाव बदलीन!'

'सांगा ना बाई, काय म्हणाली?' लाँड्रीवाल्याने विचारलं.

एक्स्चेंजबाईंनी सगळ्यांकडे बघितलं. इतकी माणसं एकदम त्यांच्याभोवती कधी जमली होती, ते त्यांना आठवेना.

'म्हणाली,' त्या म्हणाल्या, 'इथं जागाच नाही.'

मग लाँड्रीवाल्याने टाळी वाजवली, आणि सगळा चौक टाळ्या वाजवायला लागला. 'ह्याला म्हणतात लोकसहभाग!' तो ओरडला. बाईंनी हात जोडले, थँक्यू म्हणाल्या, आणि रुमाल तोंडावर धरून तिथंच कारंज्याच्या कट्ट्यावर बसून ढसाढसा रडायला लागल्या.

'आनंदाने भरून आलं हो त्यांना,' सलूनवाल्याची बायको म्हणाली, आणि टाळ्या आणखी जोरात वाजायला लागल्या.